कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांची लिपी

"काका, डेटा पाहिजे की फॉरमॅट मारू?"

अंधेरी स्टेशनबाहेर, घाटकोपरला, मुलुंडला, बोरिवलीला, लॅपटॉप दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात हा प्रश्न दिवसातून कितीतरी वेळा विचारला जातो. दुकान म्हणजे बहुधा एक अरुंद गाळा. काचेचं काउंटर, त्यामागे भिंगाचा दिवा आणि चुंबकाच्या पट्टीवर ओळीने चिकटवलेले बारीक स्क्रू. समोरचे गृहस्थ सांगत असतात, लॅपटॉप चालू व्हायला दहा मिनिटं घेतो, फाइल उघडताना अडकतो, पंखा सारखा घरघरतो. दुकानातला मुलगा लॅपटॉप उलटा करतो, मागचं झाकण उघडतो आणि निदान सांगून मोकळा होतो. "हार्ड डिस्क आहे अजून. एसएसडी टाका, क्लोन मारून देतो. संध्याकाळी या."

सकाळ ते संध्याकाळ त्या टेबलावर जे घडतं, ते मला आपल्या काळातल्या मोठ्या नवलांपैकी एक वाटतं. दहा-बारा वर्षांचे फोटो, सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं, मुलीचे प्रोजेक्ट, आजीच्या आवाजातलं एखादं रेकॉर्डिंग, हे सगळं एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत गेलं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात जुन्या ड्राइव्हमधला एक कणही नव्या ड्राइव्हमध्ये जात नाही. जुनं जिथल्या तिथे राहतं. नव्या जागी, नव्या इलेक्ट्रॉनांनी, पूर्णपणे वेगळ्या मांडणीत तेच सगळं पुन्हा लिहिलं जातं, आणि तरी फोटोतल्या माणसाच्या डोळ्यातली चमक तीच असते.

आधी लॅपटॉपमधून बाहेर काय निघालं ते पाहू. जुनी हार्ड डिस्क म्हणजे बंद डबीत फिरणारी चकचकीत तबकडी. लॅपटॉपमधली साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावर एक हात इकडून तिकडे सरकतो आणि चुंबकीय खुणा वाचतो. हव्या त्या जागी हात पोचायला आणि तबकडीचा तो भाग त्याच्याखाली यायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जातो. ऐकायला हे झटपट वाटतं, पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली तबकडीवर विखुरलेल्या असतात आणि हात सेकंदाला फार तर शंभरेक ठिकाणी पोचतो. ती दहा मिनिटं या धावपळीत जातात. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तीत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या धुडात मावत होते अवघे ५ एमबी. पुढे आकार घटला, क्षमता अफाट वाढली, पण फिरणारी तबकडी आणि पोचणारा हात ही जोडी सुटली नाही.

आता नवी वस्तू, म्हणजे एसएसडी, पाहा. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब पट्टी, तिच्यावर दोन-चार काळ्या चौकोनी चिपा, एका टोकाला सोनेरी दाते. दुकानात तिला एम-टू म्हणतात. ती खाचेत तिरकी सरकवायची असते. दाते नीट बसले की पट्टी आपोआप हवेत थोडी उचललेली राहते, मग बोटाने हलकेच खाली दाबून शेवटच्या टोकाला एकच बारीक स्क्रू लावायचा. तिच्यात हलणारं काहीही नाही. कुठल्याही जागेवरचा मजकूर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास हाती येतो, म्हणजे हाताच्या शंभरपट लवकर. प्रोसेसर तोच, रॅम तीच, तरी आठ वर्षांचा लॅपटॉप तरतरीत होतो तो यामुळे. जुन्या यंत्राला भंगारात काढण्याआधी करण्यासारखी सगळ्यात सार्थ दुरुस्ती हीच, असं माझं ठाम मत आहे.

पण वेग हे यातलं सगळ्यात लहान आश्चर्य. खरं नवल आहे ते काळ्या चौकोनाच्या आत.

तिथे अब्जावधी सूक्ष्म कप्पे आहेत. १ टीबीच्या ड्राइव्हमध्ये, प्रत्येक कप्प्यात तीन बिट धरले तर, अडीच लाख कोटींहून जास्त. कप्पा म्हणजे सिलिकॉनच्या वाटेवर बसवलेला एक पिंजरा. त्याच्या चारही बाजूंना ऑक्साइडचा, म्हणजे वीज जाऊ न देणारा थर. पिंजऱ्याला तार जोडलेली नाही, दार नाही, खिडकी नाही. मग इलेक्ट्रॉन आत जातात कसे?

ते भिंतीतून जातात. ऑक्साइडची भिंत साताठ नॅनोमीटर जाडीची, म्हणजे मोजक्या काही डझन अणूंची असते. तिच्यावर पुरेसा विद्युतदाब टाकला की इलेक्ट्रॉन भिंत न फोडता, तिच्यावरून उडी न मारता, पलीकडे आढळू लागतात. याला क्वांटम टनेलिंग म्हणतात. राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी त्याचं गणित १९२८ सालीच मांडलं होतं, ते धातूतून निर्वातात निसटणाऱ्या इलेक्ट्रॉनांबद्दल. तेव्हा ट्रान्झिस्टरही जन्माला आलेला नव्हता. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये दाओन कांग आणि सायमन झी यांनी हा विनातारेचा पिंजरा सुचवला. त्यानंतर जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी असे कप्पे दाटीवाटीने बसवायची आणि एका झटक्यात पुसायची रीत शोधली. १९८४ मध्ये त्यांनी फ्लॅश मेमरी जगापुढे ठेवली आणि १९८७ मध्ये तिची नँड ही जात. आज पेनड्राइव्हपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे तीच आहे.

भिंतीवरचा दाब किती असतो ते ऐकून मी स्तब्ध झालो होतो. लॅपटॉप त्या पट्टीला फक्त ३.३ व्होल्ट देतो. चिपच्या आतली यंत्रणा तो वाढवत वाढवत २० व्होल्टच्या घरात नेते. लोकलच्या डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, त्यापुढे २० म्हणजे काहीच नाही. पण इथली भिंत इतकी पातळ की हिशेब केला तर सेंटिमीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट पडतात. हवेत ठिणगी उडायला सेंटिमीटरला तीस हजार पुरतात. मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये, एक फाइल सेव्ह करताना, त्या अदृश्य भिंतींवर हे चाललेलं असतं आणि हाताला फार तर थोडी ऊब जाणवते.

दाब काढला की इलेक्ट्रॉन आत अडकतात. वीज गेली, बॅटरी संपली, लॅपटॉप बॅगेत घालून विरार फास्टमध्ये चेंगरला, तरी ते तिथेच. वाचताना त्यांना बाहेर काढावं लागत नाही. आत किती इलेक्ट्रॉन आहेत त्यावर खालच्या वाटेतून करंट वाहू लागायला किती व्होल्ट लागतील ते ठरतं, आणि ड्राइव्हचा कारभार पाहणारा कंट्रोलर तेवढंच तपासतो. एका कप्प्यात तीन बिट ठेवायचे तर आठ वेगवेगळ्या पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. चार बिट ठेवायचे तर सोळा.

आता एक शब्द लिहून पाहू. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये "मुंबई" टाइप करा. म, उकार, अनुस्वार, ब, ई अशा पाच खुणा. आजच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. एकूण १५ बाइट, १२० बिट. एकट्या म चे २४ बिट असे: १११००००० १०१००१०० १०१०१११०. हे १२० बिट कप्प्यांत जातात कसे? तीन बिटांचा कप्पा म्हणजे चाळीस कप्पे पुरतील, असं सरळ वाटतं. पण कप्प्यातले तीन बिट सहसा तीन वेगवेगळ्या पानांचे, म्हणजे एकगठ्ठा लिहिल्या जाणाऱ्या मजकुराच्या तुकड्यांचे, असतात. त्यामुळे तुमची मुंबई १२० कप्प्यांवर पसरते, आणि त्यातल्या प्रत्येक कप्प्यात तिच्या एका बिटाबरोबर आणखी दोन परके बिट राहतात. एखादा कुणाच्या लग्नाच्या फोटोचा, दुसरा वीजबिलाच्या पीडीएफचा. इलेक्ट्रॉनांचा साठा एकच, आणि त्यात तिघांचा हिस्सा.

इतक्यावरही थांबत नाही. लिहिण्याआधी कंट्रोलर बिट एका ठरावीक रीतीने विस्कटतो, कारण शेजारशेजारच्या कप्प्यांत सारखाच नमुना आला तर ते एकमेकांना त्रास देतात. वर दुरुस्तीसाठी जादा बिट जोडतो. हे लागतंच, कारण वाचताना काही बिट चुकीचे येणं ही रोजची बाब आहे. चुका शोधून सुधारणारं गणित रॉबर्ट गॅलेजर या तरुणाने १९६० साली एमआयटीत प्रबंध म्हणून मांडलं होतं. ते चालवण्याएवढी ताकद तेव्हाच्या यंत्रांत नव्हती म्हणून ते तीसेक वर्षं जवळपास विस्मरणात गेलं आणि नव्वदच्या दशकात पुन्हा सापडलं. आज आपण कुठलाही फोटो उघडतो तेव्हा पडद्यावर येण्याआधी तो या गणिताच्या हातून दुरुस्त होऊन आलेला असतो.

या कप्प्यांची कहाणी उपनगरातही घडली आहे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून जाताना पवईच्या तलावाकाठी आयआयटीचं आवार लागतं. तिथल्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. सौविक महापात्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, अप्लाइड मटेरियल्स या कंपनीच्या संशोधकांबरोबर, २००८ च्या सुमारास एका नाजूक प्रश्नावर काम केलं. जुन्या धर्तीचा पिंजरा हा वीजवाहक पदार्थाचा एक अखंड तुकडा असतो. वारंवार लिहून-पुसून भिंतीत एक जरी बारीक दोष निर्माण झाला तरी आतले सगळे इलेक्ट्रॉन त्या एका वाटेने झिरपून जातात. मग अखंड तुकड्याऐवजी एकमेकांना न चिकटलेले प्लॅटिनमचे नॅनोस्फटिक पेरले तर? भिंतीला कुठे चीर गेली तर तिच्याजवळच्या स्फटिकातला साठा जाईल, बाकीचे शाबूत राहतील. पवईतून प्लॅटिनम स्फटिकांच्या अशा स्मृतीवरचे शोधनिबंध निघाले.

बाजाराने पुढे प्लॅटिनम उचललं नाही, पण साठा वेगवेगळ्या ठिकाणी विखरून ठेवण्याचं तत्त्व जिंकलं. आजच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये अखंड पिंजऱ्याच्या जागी सिलिकॉन नायट्राइडचा थर असतो. त्यात इलेक्ट्रॉन जिथे रुततात तिथेच राहतात, इकडेतिकडे वाहत नाहीत. २०१३ मध्ये सॅमसंगने असे कप्पे सपाट न पसरता २४ थरांत उभे रचले. आता थरांची संख्या दोनशेच्या पुढे आहे. जागा संपली की मजले चढवायचे, हे उपनगरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

इमारतींचा विषय निघालाच आहे, तर फ्लॅशची आणखी एक महत्त्वाची गोष्ट पाहू. फ्लॅशमध्ये लिहिता येतं पानापानाने. एक पान साधारण १६ केबीचं. (कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या भारतीय बनावटीच्या संगणकाची मुख्य स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे जेमतेम १० केबी होती. ती अख्खी या एका पानात मावून वर जागा उरेल.) पण पुसता येतं ते पानाने नाही, तर शेकडो-हजारो पानांच्या अख्ख्या ब्लॉकने. एक ओळ बदलायची असेल तरी तेवढीच खोडून तिथेच लिहिता येत नाही. आपल्याकडच्या जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासासारखंच हे. एकाच बिऱ्हाडाचं घर पाडून नवं बांधता येत नाही. राहत्या सगळ्यांना आधी दुसरीकडे हलवायचं, इमारत पूर्ण रिकामी करायची, पाडायची आणि मगच नवं बांधकाम. कंट्रोलर दिवसभर हेच करत असतो. ज्या ब्लॉकमध्ये मोडीत निघालेली पानं फार झाली, त्यातली कामाची पानं तो उचलून दुसऱ्या ब्लॉकमध्ये नेतो आणि पहिला पुसून टाकतो. हलवाहलव करता यावी म्हणून काही ब्लॉक कायम राखीव ठेवतो. शिवाय प्रत्येक कप्प्याला लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते, तीन बिटांच्या कप्प्याला साधारण काही हजार वेळा. म्हणून झीज सगळीकडे सारखी पडेल असंही तो पाहतो. हे सगळं करताना कुणाची वस्ती आज कुठे आहे याचं टिपण त्याच्याकडे असतं.

याचा अर्थ असा की विंडोजला आपली फाइल ज्या क्रमांकावर आहे असं वाटतं, तो क्रमांक म्हणजे नुसता पत्ता. त्या पत्त्यावरचा मजकूर काल एका ब्लॉकमध्ये होता, आज दुसऱ्यात आहे, उद्या तिसऱ्यात असेल. आपला फोटो गेली पाच वर्षं जागचा हलला नाही असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्याने किती घरं बदलली ते फक्त कंट्रोलर जाणतो.

आता दुकानातल्या टेबलावर परत या. क्लोन मारणं म्हणजे नेमकं काय? नवी एसएसडी एका छोट्या केसिंगमध्ये घालून यूएसबीने जोडतात आणि सॉफ्टवेअर जुन्या ड्राइव्हला विचारत जातं, पहिल्या पत्त्यावर काय आहे? दुसऱ्या? तिसऱ्या? उत्तर येईल ते नव्या ड्राइव्हला त्याच पत्त्यावर ठेवायला सांगितलं जातं. नवी ड्राइव्ह पत्ता तोच मान्य करते, पण प्रत्यक्ष जागा आपल्या मर्जीने निवडते आणि बिट आपल्या रीतीने विस्कटते. जुनी हार्ड डिस्क असेल तर एका बाजूला चुंबकाच्या खुणा, दुसऱ्या बाजूला कोंडलेले इलेक्ट्रॉन. दोन्ही एसएसडी असल्या तरी त्यांच्या चिपा सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवा, कप्प्याशी कप्पा जुळणार नाही. सारखं आहे ते एवढंच, की विचारल्यावर दोघी तेच उत्तर देतात.

हे चालू असताना पडद्यावरच्या वेगाकडे लक्ष द्या. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला ८० एमबी देत असेल तर ४०० जीबीला जवळपास दीड तास जातो. दोन्हीकडे एसएसडी असेल तर सुरुवातीला आकडा चढा असतो आणि मध्येच एकदम घसरतो. घाबरायचं कारण नाही. नवी ड्राइव्ह काही कप्प्यांत आधी घाईघाईने एकेकच बिट ठेवते, कारण ते चटकन लिहून होतं. ती जागा भरली की तोच मजकूर तिला तीन-तीन किंवा चार-चार बिटांत दाटीने पुन्हा मांडावा लागतो, म्हणून वेग पडतो. स्वस्त ड्राइव्हमध्ये हा उतार जास्त जाणवतो.

क्लोन की फॉरमॅट, या प्रश्नाला मराठीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत एक खास बाजू आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ती म्हणजे जुने फॉन्ट.

युनिकोड रुळण्याआधी डीटीपीवाले, पत्रिका छापणारे, दिवाळी अंकांचे संपादक, सोसायट्यांचे सचिव, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट श्री-लिपी, आकृती अशा सॉफ्टवेअरवर काम करत. त्या काळच्या फाइलमध्ये म हे अक्षर म म्हणून साठवलेलं नसतं. तिथे असतो भलताच एक संकेत, बहुधा कुठल्यातरी रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा, आणि त्या जागी म चं चित्र काढायचं काम फॉन्ट करतो. दुकानात "फक्त डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप घ्या, बाकी नवीन विंडोज टाका" असं सांगितलं की सगळ्या फाइली येतात. एक बाइटही कमी नसतो. पण फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतात आणि ते मागेच राहतात. घरी येऊन फाइल उघडावी तर वीस वर्षांची इतिवृत्तं रोमन अक्षरांचा, कंसांचा आणि प्रश्नचिन्हांचा पसारा होऊन समोर येतात. वाचणाऱ्याला ती पुसली गेली असंच वाटतं. प्रत्यक्षात सगळं शाबूत असतं, हरवलेला असतो तो फक्त वाचायचा संकेत. क्लोनमध्ये हे होत नाही, कारण तिथे फाइलही येते आणि तिला अर्थ देणारा फॉन्टही.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्ट आला आणि म म्हणजे म, कुठल्याही संगणकावर म, अशी सोय सामान्य माणसाच्या हाती आली. त्या मंगलची अक्षरं घडवली होती सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. ते पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवत, आणि पुढे जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम करत राहिले. ज्या आवारात अक्षरांच्या वळणाचा असा अभ्यास शिकवला गेला, त्याच आवारात पुढे अक्षरं कोंडून ठेवणाऱ्या कप्प्यांचा अभ्यास झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर फॉन्टच्या फाइली वेगळ्या जपा आणि सवडीने तो युनिकोडमध्ये आणून घ्या. रूपांतर करून देणारी साधनं आहेत. नंतर रफार आणि जोडाक्षरं मात्र स्वतः डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

दुकानात जाण्याआधी काही कामं घरीच उरकता येतात. आपल्या लॅपटॉपमध्ये एम-टूची खाच आहे का, असेल तर ती साटा ड्राइव्ह घेते की एनव्हीएमई, हे मॉडेल नंबरवरून पाहून ठेवा. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्या असतात आणि चुकीची घेतली तर चालत नाही. ड्राइव्ह पक्क्या बिलावरच घ्या. बाजारभावाच्या निम्म्याने मिळणाऱ्या २ टीबीच्या ड्राइव्हपासून लांब राहा. अशा काही ड्राइव्ह क्षमता खोटी सांगतात आणि खरी जागा भरली की आधीच्या मजकुरावरच लिहीत सुटतात. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचं कुलूप बऱ्याचदा आपल्याला न सांगताच लागलेलं असतं. त्याची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर नवी ड्राइव्ह लावल्यावर लॅपटॉप तीच मागत बसेल. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना फक्त नवी ड्राइव्ह जोडलेली असू द्या. दोघींची ओळख तंतोतंत सारखी झालेली असते आणि दोन्ही एकदम दिसल्या की विंडोज एकीला बाजूला सारतं.

एसएसडी घेणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. इलेक्ट्रॉन ज्या भिंतीतून आत गेले त्याच भिंतीतून हळूहळू बाहेरही झिरपतात. उष्णता जितकी जास्त, तितकं लवकर. सामान्य ग्राहकांच्या ड्राइव्हसाठी उद्योगाने ठरवलेला मापदंड असा आहे की लिहिण्याची मर्यादा पूर्ण वापरून झालेल्या ड्राइव्हने वीज नसताना, ३० अंश सेल्सिअसला, एक वर्ष मजकूर टिकवावा. नवीकोरी ड्राइव्ह याहून बरीच जास्त टिकवते. पण मुंबईत दुपारचा पारा वर्षातले बरेच महिने तिशीच्या वर असतो आणि बंद कपाटात वारा नसतो. म्हणजे वापरून जुनी झालेली एसएसडी फोटो भरून लॉफ्टवर टाकणं म्हणजे ते जपणं नव्हे. ती अधूनमधून जोडावी लागते. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची प्रत असेल तर हळू चालणारी जुनी हार्ड डिस्कच बरी.

आणि ती प्रत एकाच घरात नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, उपनगरांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरलं. त्या पाण्यात टेबलाखालचा संगणक आणि कपाटाच्या खालच्या खणातली त्याची प्रत, दोन्ही एकदमच जातात. एक प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे, गावी किंवा क्लाउडवर असू द्या.

नवी ड्राइव्ह बसली की जुनी लगेच फॉरमॅट मारू देऊ नका. महिनाभर ती बाजूला ठेवा. तोवर नव्या ड्राइव्हवर जुन्यातली जुनी मराठी फाइल, एखादा व्हिडिओ आणि हिशेबाची एक शीट स्वतः उघडून पाहा. सगळं नीट वाचता आलं की मगच जुनी पुसा. भंगारात देणार असाल तर नुसतं डिलीट करू नका, पूर्ण पुसून द्या, कारण हार्ड डिस्कवरचं डिलीट केलेलं परत काढता येतं.